एकतीस बोटांचा वेताळ

सावळीराम नानाचा राग पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. म्हशीनं लाथ मारली म्हणून हा माणूस महिनाभर म्हशीच्या गोठ्यात फिरकला नव्हता. रूपाली त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाची मुलगी. तिनं हा राग लहानपणापासून पाहिला होता, आणि पुढं जे घडलं ते तिनं या रागाच्या भरवशावरच घडवलं.

भांडण वेताळावरून होतं. चैत्रात त्यांच्या गावात बोहाडा असतो. देव, राक्षस, भुतं यांचे लाकडी मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर नाचतात. त्या मुखवट्याला म्हणायचं सोंग, आणि एकेका सोंगाचा मान एकेका घराचा. आग्या वेताळाचं सोंग रूपालीच्या घरचं. तिचा बाप सहादू वीस वर्षं ते नाचला. मग आजोबा वारले, आणि तेराव्याचं जेवण पचायच्या आत नाना सोंगाची पेटी उचलून आपल्या घरी घेऊन गेला. म्हणे, मान थोरल्याचा. ह्याला स्वतःला एक पाऊल टाकता येत नव्हतं, म्हणून पोरगा महेश नाचायला लागला. महेशचा वेताळ म्हणजे वरातीतला नवरदेवाचा मित्र. तेव्हापासून सहादू बोहाड्याच्या दिवसांत घराबाहेर पडत नसे. रूपालीला ते बघवत नसे. नानाचं नाव निघालं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

२००४ साली ती शहरात गंगापूर रोडवर कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. श्रावणात तिथल्या वाल्मीक सरांनी स्पर्धा काढली. पुराणातला नाहीतर गोष्टीतला एखादा जीव घ्यायचा आणि पडद्यावर बत्तीस बाय बत्तीस चौकोनांत बसवायचा, एकेक चौकोन रंगवून. कुणी गरुड घेतला, कुणी ऐरावत, दोघींनी हडळ. रूपालीनं वेताळ घेतला.

पण सोंग पेटीत आणि पेटी नानाकडे. तिनं बापापुढं आलेखाची वही ठेवली. सहादूनं वहीतल्या एका चौकोनावर बोट ठेवून पाहिलं.

"चित्र म्हंजे काय सोंग नाय," तो स्वतःशीच म्हणाला. मग डोळे मिटून आपल्याच तोंडावर बोटं फिरवत सांगायला लागला. "भिवईपासून डोळा दोन बोटं. नाक पाच बोटं. डाव्या सुळ्याचा टवका गेलाय, मी पडलो हुतो तवा. तो इसरू नको."

एका बोटाला एक चौकोन. वेताळ उभा एकतीस बोटं भरला, वरची एक ओळ रिकामी राहिली. बाप इतकं बोलल्याला वर्षं लोटली होती. त्या दिवशी रूपालीला भाकरी गोड लागली.

सरांनी सगळी चित्रं छापून क्लासच्या काचेच्या दारावर लावली. महेश मोबाईल दुरुस्तीला गंगापूर रोडला आला होता, त्यानं वेताळ पाहिला आणि घरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी नाना क्लासच्या दारात हजर.

"सोंग आमचं हाय! आम्हाला न इचारता काढलं कसं? फाडा ते आधी!"

"अहो काका," सर गडबडून म्हणाले, "वेताळ काय कुणाच्या मालकीचा असतो?"

"हा आमचाच हाय! सुळ्याचा टवका बघा की!"

होय, आपलाच आहे, बाबांनी सांगितला, एवढं रूपाली बोलली असती तरी भांडण तिथंच मिटलं असतं. पण नानाच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिला दिसल्या.

"टवके गेलेले वेताळ लय गावांत हायेत, नाना," ती शांतपणे म्हणाली. "तुमचं सोंग शाबूत तरी हाय का? का महेशदादानं नाचून नाचून मोडलं? असंल तर दाखवा आणून."

"शनिवारी आणतो! चार माणसांदेखत आणतो!"

बोहाड्याचे दिवस सोडून सोंगाचं तोंड उघडायचं नाही, ते लाल फडक्यात बांधून पेटीत राहतं. अवेळी जो उघडेल त्याच्या घरचा मान गेला, तो मग दुसऱ्या भावाच्या घरी. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नानालाही होतं, पण रागात नाना काय काय विसरतो ते रूपालीला जास्त ठाऊक होतं.

शनिवारी नाना जीपमधून आला. चित्र ओळखायला म्हणून त्यानं गावचे झुंबर पाटील आणि सोंगांची पूजा करणारी कुसाबाई यांना बरोबर आणलं होतं. मांडीवरच्या पोत्यात काय आहे ते त्या दोघांना त्यानं सांगितलं नव्हतं. सरांच्या टेबलावर त्यानं पोतं ठेवलं, लाल फडकं ओढलं आणि ओरडला, "आता बोल!"

ट्यूबलाइटच्या उजेडात वेताळ छताकडे बघत पडला होता. सुळ्याचा टवका जिथल्या तिथं होता. कुसाबाईनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

पाटलांनी हळूच विचारलं, "सावळीराम, ह्यो महिना कंचा?"

 नानानं रूपालीकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. "कार्टे," एवढंच तो म्हणाला. रूपालीला इतका आनंद झाला की तिला हसू आवरेना.

संध्याकाळी स्पर्धेचा निकाल लागला, पहिला नंबर तिचाच आला. कप घेऊन ती एसटीनं घरी पोचली तेव्हा पाटलांनी पाठवलेली पेटी ओट्यावर आलेली होती. सहादू पेटीजवळ बसला होता, पण त्यानं तिला हात लावलेला नव्हता.

"सावळीला हे आणायला कुणी सांगितलं?"

"मीच," रूपाली फुशारकीनं म्हणाली.

"नियम ठावा हुता तुला?"

"हुता. म्हणून तर सांगितलं."

सहादू उठला. "त्यो रागात आंधळा झाला. तू डोळे उघडे ठेवून येताळाला शहरात टेबलावर नागडा केलास." त्यानं पेटी डोक्यावर घेतली. "माझ्या घरात नको ही."

"बाबा, तुमच्यासाठीच केलं मी!"

"माझं नाव घेऊ नको," तो म्हणाला आणि पेटी कुसाबाईच्या स्वाधीन करून आला.

पुढच्या चैत्रात बोहाडा झाला. त्राटिका नाचून गेली आणि वेताळाची पाळी आली, तसा संबळवाल्यानं सवयीनं वेताळाचा ताल धरला, पण सोंग घ्यायला कुणीच पुढं आलं नाही. घरी ओट्यावर बसलेल्या सहादूचे पाय त्या तालावर हलत होते. रूपाली पाण्याचा तांब्या घेऊन जवळ गेली, तसे ते थांबले.