वाघळांच्या विहिरीवरचे चाक

मी एक जुने चाक आहे. गाडीचे नव्हे, मोटेचे.

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मोट पाहिली नसेल. चामड्याची मोठी पिशवी विहिरीत सोडायची, बैलांनी दोर ओढायचा आणि भरलेली पिशवी वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची, ती मोट. थारोळे म्हणजे विहिरीच्या काठावरची दगडी डोणी. दोर ज्याच्यावरून जायचा, तो मी. मी गोष्ट सांगायला बसलो आहे, कारण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या संध्याकाळी माझ्या विहिरीवर जे झाले, त्यातून मी अजून सावरलेलो नाही. लाकूड कसले हादरते, असे कोणी म्हणेल. हादरते.

पण आधी माझा जन्म सांगतो.

तापीच्या काठी, चोपड्याच्या बाजूला, जीवरामचा मळा आहे. त्याच मळ्याच्या बांधावरची बाभूळ तोडून तोताराम सुताराने मला घडवले. साल पन्नास असावे. त्याच वर्षी जीवरामचे लग्न झाले आणि भागाबाई या मळ्यात आली. म्हणजे ती आणि मी बरोबरचे.

मी एकटा नव्हतो. माझ्या खाली थारोळ्याच्या कडेला एक लाकडी रूळ होता. मोटेचा जाड दोर माझ्यावरून जाई, बारीक दोर त्याच्यावरून. दोघांशिवाय मोट चालत नाही. वीस वर्षे आम्ही दोघांनी पाणी काढले. मी फार कुरकुर करायचो. भागाबाई माझ्या आसाला एरंडीचे तेल घालायची आणि म्हणायची, "खाय रे बाबा, आन गप ऱ्हाय." गावातली माणसे म्हणत की जीवरामच्या चाकाचा आवाज नदीपल्याड ऐकू येतो. मला ते कौतुक वाटे.

एकाहत्तर साली विहिरीवर इंजिन आले. मोट उतरवली. मलाही काढून थारोळ्याला टेकवून ठेवले. चार वर्षांनी जीवरामच्या मुलीचे, ताईचे, लग्न निघाले, तेव्हा चुलीला लाकूड कमी पडले म्हणून जीवराम कुऱ्हाड घेऊन आला. रूळ गेला. माझ्यावर घाव पडणार तेवढ्यात भागाबाई धावत आली.

"ताईना बाप, हाई चाक जाळू नका. माले बठाले लागस."

"बठाले पाट शे ना घरमां."

"पाट घरमां शे. मी हिरवर बठस."

जीवराम हसला आणि दुसरे लाकूड शोधायला गेला. हिर म्हणजे विहीर. मला आडवे करून, खाली चार दगड घालून, तिने माझे बसायचे आसन केले. असा मी वाचलो. रूळ मात्र वाचला नाही. पुष्कळ दिवस मला खालची जागा रिकामी दिसायची.

पुढे सगळीकडे बोअर झाले, तशी विहीर आटली. ब्याऐंशी-त्र्याऐंशीत ती पार कोरडी पडली. तिच्या तळाशी, कमरेएवढ्या उंचीवर, एक आडवा बोगदा आहे. जीवरामच्या आजोबांनी पाण्याच्या शोधात तो खोदला होता. पाणी गेल्यावर त्या अंधारात वटवाघळे राहायला आली. गावात त्यांना वाघळं म्हणतात. पहिल्या वर्षी थोडी होती. मग किती झाली ते कोणालाच सांगता येईना.

मित्रांनो, हे मी रोज पाहिले आहे, म्हणून सांगतो. सूर्य बुडाला, केळीची पाने काळी दिसू लागली, की आधी एक वाघूळ वर यायचे. विहिरीच्या तोंडाशी एक फेरी मारायचे आणि परत खाली जायचे. मग दोन यायची. मग पाच-सात. आणि मग एकदम विहीर उतू जायची. खालून गोल गोल फिरत ती वर येत आणि काठाला आली की केळीच्या बागांवरून तापीकडे निघून जात. त्यांच्या पंखांचा वारा माझ्या अंगाला लागायचा. हे अर्धा तास चाले.

त्या वेळी भागाबाई माझ्यावर बसलेली असायची आणि जीवराम थारोळ्यावर. ती म्हणायची, "देखा, बजार उठना." जीवराम बोटांवर मोजू लागायचा.

"तीनशे व्हयनात तवय तू बोलनी. चुकनं ना बठ्ठं!"

"मंग सकाय मोजा. परत येतीन तवय."

शेवटचे वाघूळ गेले की ती गुडघ्यावर हात ठेवून उठायची आणि चूल पेटवायला जायची. सात-आठ वर्षे हे चालले. त्यांची भांडणे झाली त्या दिवशीही दोघे येऊन बसायची. बोलायची नाहीत एवढेच.

मग भागाबाईच्या पोटात गाठ निघाली. धुळ्याला नेले. महिन्याने परत आणले. मळ्यातले घर विहिरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. खाट दाराशी आणली होती, त्यामुळे मला सगळे ऐकू यायचे. तिला विहिरीपर्यंत येता येत नसे. ती रोज वाघळांचे विचारायची, "आज निंघनात का?" जीवराम सांगायचा, "निंघनात."

पौषातल्या एका संध्याकाळी तो तिच्या उशाजवळून उठलाच नाही. तिने विचारले, तेव्हा बसल्या जागेवरून "निंघनात" म्हणाला.

"तुमी कोठे गयथात? माले काय समजत नही का? जा. देखी या, मंग सांगा."

जीवराम आला. थंडी फार होती आणि त्या दिवशी वाघळांनी उशीर केला. तो माझ्याजवळ उभा राहिला. दोन वेळा घराकडे वळला आणि दोन्ही वेळा थांबला. त्याला तिला खोटे सांगायचे नव्हते. अखेर एक आले, मग दोन, मग सगळी. तो घाईने घराकडे निघाला, तोच आईच्या सेवेला आलेल्या ताईचा हंबरडा ऐकू आला.

त्या दिवसापासून जीवराम विहिरीकडे आला नाही. पाणी बोअरवरून भरायचा आणि इकडे पाठ करून जायचा. माझ्यावर धूळ साचली. वाघळे रोज निघत होती. ती पाहायला कोणी नव्हते.

चैत्राच्या शेवटी शेजारच्या मळ्यातला शालिग्राम आला. जीवरामचा चुलतभाऊ. त्याच्या केळीची कापणी झाली होती आणि बागेत खोडांचा ढीग पडला होता. आमच्याकडे तशी रीतच आहे. विहीर आटली की कापलेल्या केळीची खोडे तिच्यात टाकतात. जागाही भरते आणि कचराही जातो.

"नाना, तुन्ही हिर कोरडी पडेल शे. खोडं टाकू का तिन्हामां?"

जीवराम जमिनीकडे पाहत होता. "टाक. बुजी टाक."

"आन वाघळं?"

"त्या जातीन कोठेबी. त्यासले पंख शेतस."

शालिग्राम जायला निघाला. मग जीवराम स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाला, "उशिरा निंघनात त्या. त्या दिन उशिरा निंघनात." शालिग्रामला ते समजले नाही. मला समजले. मला वाटले, भागाबाईने माझ्यासाठी कुऱ्हाड थांबवली होती, तसे आता हेही कोणी थांबवील. पण चाकाला तोंड नसते.

खोडे हळूहळू, आठ-दहा दिवसांत टाकायची होती. तसे झाले असते तर वाघळे पहिल्या संध्याकाळीच निघून गेली असती. पण आखाजी आली. खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला संपते. वर्षभर एका मालकाकडे राबलेला माणूस त्या दिवशी मोकळा होतो, दुसरीकडे जायचे तर जातो. म्हणून आखाजीच्या आदल्या दिवशी प्रत्येक मालक राहिलेले काम उरकून घेतो. शालिग्रामने तेच केले. नुसते त्याचे नाही, आजूबाजूच्या तीन बागांचे ट्रॅक्टर त्याच दुपारी विहिरीवर आले. सहा ट्रॉल्या.

शालिग्रामचा सालदार धनसिंग पहिली ट्रॉली रिकामी करण्याआधी खाली वाकला.

"भाऊ, वाघळं मझार शेतस. दिन बुडू दे. त्या गयात की टाकू."

"दिन बुडना की सकाय आखाजी. मंग तू कोना वावरमां ऱ्हाशी, कोनले माहीत?"

धनसिंगने ट्रॉलीला हात घातला. त्याचे वर्ष त्या मालकाकडे होते. खोडे पडू लागली. केळीचे खोड म्हणजे निम्मे पाणीच. एकावर एक ओले वजन धपधप पडत होते. एक वाघूळ उन्हात वर आले, आंधळ्यासारखे भिरभिरले आणि लिंबात शिरले. ट्रॉलीवरचा एक गडी ओरडला, "शालिग्रामभाऊ, तुन्हा पाहुना उना रे!" सगळे हसले. चार वाजता ट्रॉल्या गेल्या. बोगद्याचे तोंड बुजले होते. वरून पाहणाऱ्याला फक्त हिरवा-पांढरा ढीग दिसत होता.

मित्रांनो, मी तिथेच होतो. माझ्यासमोर झाले. हसणारी माणसे वाईट नव्हती. जीवरामही वाईट नव्हता. हेच मला आजपर्यंत समजत नाही.

संध्याकाळी शिंदखेड्याच्या एसटीने ताई माहेरी आली. आखाजीला लेकी माहेरी येतात. शिवाय दुसऱ्या दिवशी गेलेल्यांसाठी भरतात ती पाण्याची घागर भागाबाईच्या नावाने पहिल्यांदा भरायची होती. पिशवी ओट्यावर ठेवून ती सरळ विहिरीकडे आली, पदराने माझी धूळ पुसली आणि आई बसायची तशी बसली. सूर्य गेला. केळीची पाने काळी झाली. एकही वाघूळ आले नाही. ती थांबली. अंधार पडू लागला. मग ती उठली, काठाशी गेली आणि खाली वाकली.

"आबा! आबा, इकडे या!"

जीवराम अंगणात घागर घासत होता. तो आला नाही.

"आबा, हिरमाईन आवाज येस!"

आवाज खरेच येत होता. ओल्या खोडांच्या खालून, जमिनीच्या पोटातून. हजारो जिवांची चिरचिर, एकत्र. त्यांची निघायची वेळ झाली होती आणि दार सापडत नव्हते. मी चाळीस वर्षे त्या विहिरीवर आहे. तिच्यातून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

जीवराम आला. राखेने भरलेले हात तसेच. त्याने काठाशी बसून कान लावला. ताई त्याला हलवत होती. "आबा, कोनी करं हाई?"

"मी," जीवराम म्हणाला. "मीच सांगं बुजी टाक."

मग तो उठला. त्याने धनसिंगला हाक मारली, शालिग्रामला हाक मारली. धनसिंग दोर घेऊन पळत आला. दोर टाकायला वर काही हवे होते. मोटेचे दोन दगडी खांब अजून उभे होते. जीवरामने माझ्याकडे पाहिले. वीस वर्षांनी त्याने मला उचलले. आस गंजला होता. ताईने घरातून गोड्या तेलाची बाटली आणली आणि अख्खी माझ्यावर ओतली. शालिग्रामने बैल आणले. कंदील बांधून धनसिंग विहिरीत उतरला. तो खाली खोडांना दोर बांधी, जीवराम बैल हाकी आणि मी फिरे. मी ओरडत होतो. तेलाने काही भागत नव्हते.

"धनसिंग, आवाज येस का?" जीवराम दर खेपेला विचारी.

"येस, नाना."

आणखी खोडे. शालिग्राम ती ओढून बाजूला टाकत होता.

"येस का?"

"कमी व्हयना."

सव्वा तास झाला असेल. जीवरामने पुन्हा विचारले. खालून उत्तर आले नाही. मग धनसिंग म्हणाला, "तोंड उघडं व्हयनं, नाना. पन आते काहीच येत नही."

कोणी हलले नाही. बैलही उभे होते. मला वाटले, संपले.

मग एक आले. विहिरीच्या तोंडाशी फेरी मारली आणि परत खाली गेले. पुढे कितीतरी वेळ काही नाही. मग दोन. मग पाच-सात. आणि मग ती आली. पूर्वीसारखी उतू जाऊन नाही. धडपडत, भिंतीला आपटत, काही माझ्या आऱ्यांना लटकून दम घेत. ताई तोंडावर पदर धरून रडत होती. जीवराम मोजत नव्हता.

सकाळी धनसिंग पुन्हा खाली उतरला. आखाजीला तो मोकळा झाला होता, कोणी त्याला उतरायला सांगितले नव्हते. त्याने मेलेली वाघळे टोपल्यांत भरून वर पाठवली. अकरा टोपल्या. पुष्कळांच्या पोटाशी पिल्ले होती आणि आयांनी पंख गुंडाळून ती झाकली होती. एक पिल्लू जिवंत निघाले. दुपारपर्यंत तेही गेले. शालिग्रामने बांधावर खड्डा केला आणि उरलेली खोडे तो स्वतः ओढून शेताच्या कडेला कुजायला घेऊन गेला.

मित्रांनो, आता मी खांबांवरच आहे. मला कोणी खाली काढले नाही. मी तुम्हाला एकच सांगतो. तुमच्याकडे आटलेली विहीर असेल, पडके देऊळ असेल, पोकळ झाड असेल. ते तुम्हाला नकोसे झाले असेल, त्याच्याकडे पाहवत नसेल, तरी हात लावण्याआधी एक संध्याकाळ तिथे उभे राहा. आत कोण आहे ते पाहा. घाई असेल तर आणखी उभे राहा. आमच्याकडे एक संध्याकाळ कोणी थांबले असते तर पुरे होते.

आखाजीच्या संध्याकाळी, घागर भरून झाल्यावर, जीवराम विहिरीवर आला आणि थारोळ्यावर बसला. भागाबाई गेल्यानंतर तिथे पहिल्यांदाच बसला. सूर्य बुडाला. एक आले, मग दोन, मग थोडी. फार वेळ लागला नाही. शेवटचे तापीकडे दिसेनासे झाले, तेव्हा तो माझ्या जुन्या जागेकडे वळला. तिथे आता फक्त चार दगड होते.

"निंघनात वं, भागा," तो म्हणाला. "कमी शेतस. मन्हामुये कमी शेतस. पन निंघनात."

आणि गुडघ्यावर हात ठेवून तो उठला, चूल पेटवायला गेला.