मिगच्या पंखाला हात

गोदावरीबाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्या ऐकायच्या नाहीत, हे त्यांच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. या खेपेला त्यांनी मनावर घेतलं होतं ते चक्क विमान. साधंसुधं नव्हे, लढाऊ मिग. शहराबाहेर ओझरच्या रस्त्याला एक बाग आहे. तिथे सेवेतून निवृत्त झालेली विमानं आणि क्षेपणास्त्रं हिरवळीवर मांडून ठेवली आहेत. त्यातल्या मिगच्या पंखाला बाईंना हात लावायचा होता. बाकी काही नको.

यात अवघड ते काय, असं कुणालाही वाटेल. अवघड असं, की विमानाभोवती साखळी, साखळीला पाटी ‘हात लावू नये’, आणि पाटीशेजारी खुर्ची टाकून पहारेकरी पुंजाराम!

बाईंचे यजमान शामसुंदरराव ओझरच्या कारखान्यात कामाला होते. सगळी हयात त्यांनी रिव्हेटच्या खिळ्यांनी मिगचे पंख जोडण्यात घालवली. पण कारखान्यात घरच्यांना प्रवेश नाही, आणि हा माणूस तर तोंडात मूग धरून बसणारा. “आज काय केलंत?” म्हणून विचारावं, तर “रिव्हेट मारले.” काल? “रिव्हेटच.” एवढं बोलून वरणभातात डोकं. बाईंनी त्याच्याशी संसार केला, मुलगा वाढवला, भांडणंही पोटभर केली. पण हा दिवसभर नेमकं करतो काय, ते शेवटपर्यंत कळलं नाही. शामसुंदरराव गेले आणि ही रुखरुख मागे राहिली. त्यात काचबिंदूने डोळे नेले. आता नुसता उजेड आणि सावली कळायची. दिवाळी झाली की मुलगा मयुरेश त्यांना कायमचा हैदराबादला नेणार होता, घराला भाडेकरूही ठरला होता. म्हणजे पंखाला हात लागायचा तर दिवाळीच्या आत, नाहीतर विषय संपला.

शेजारच्या संजनाच्या स्कूटरवर मागे बसून त्या पहिल्यांदा बागेत गेल्या. पुंजाराम उठून उभा राहिला, पण साखळी काही सोडेना.

“आजी, नाय जमायचं. साहेबांचा हुकूम हाय.”

“अरे, मी काय विमान पळवून नेणार आहे?”

“तुमी नाय हो. पण लोकांनी लय ताप दिला.” मग त्याने सगळं रामायण सांगितलं. आधी साखळी नव्हतीच. लासलगावला कांदा विकून परतणारी मंडळी बागेत टेकायची, आणि समोर शस्त्र दिसलं की हात जोडायची. तिथवर ठीक होतं. पुढे कुणी कुंकू लावलं, कुणी पोराची सैन्यात भरती व्हावी म्हणून नवसाचा दोरा बांधला, एकाने तर क्षेपणास्त्राच्या शेपटावरच नारळ फोडून पोचा पाडला. शेवटी एका सकाळी बघतात तो कुण्या माउलीने क्षेपणास्त्राची खणानारळाने ओटी भरलेली! त्या दिवशी साहेबांनी कपाळावर हात मारला आणि साखळी आली.

गोदावरीबाई पोटभर हसल्या, पण मागे हटल्या नाहीत. पुढच्या खेपेला थेट बागेच्या साहेबांच्या खोलीत. साहेब माणूस भला. खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “काकू, तुमचं मला पटतंय. पण आज तुम्हाला सोडलं, तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडाने अडवू?” बाईंनी चहा संपवला आणि उठल्या.

परतताना द्वारका चौकात गाडी अडकली. ती कुठल्या दिवशी अडकत नाही म्हणा! चारी बाजूंनी हॉर्न, आणि त्यात संजना मागे वळून समजावते आहे, “काकू, सोडा ना आता. मी विमानाचे फोटो काढून आणते, मोबाइलवर मोठे करून—”

“फोटो डोळ्यांनी बघतात गं बाई.”

बाईंचे डोळे भरून आले होते, आणि राग आला होता तो स्वतःचाच. इतकी वर्षं डोळे धड होते, तेव्हा कुठे मेली होती ही अक्कल? तेवढ्यात कानाशी कुणीतरी ओरडलं, “झेंडू घ्या, झेंडू! दसऱ्याचा झेंडू!” बाई एकदम ताठ बसल्या.

“संजना, खंडेनवमीला त्या बागेत पूजा करतात का गं?”

“शस्त्रपूजा ना? करतात की. गेल्या वर्षी पेपरात फोटो होता. साहेब विमानाला कुंकू लावतायत.”

“लावतायत ना? मग हात लागला की!” बाईंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. “घे, झेंडू घे. चांगला टपोरा बघून घे.”

खंडेनवमीला त्या जरीची साडी नेसून, हातात पूजेचं ताट घेऊन बागेत हजर. झेंडूच्या माळा, उदबत्त्यांचा वास, पेढ्यांचे खोके. कारखान्यातले निवृत्त कामगारही आमंत्रणावरून आले होते. साहेबांनी बाईंना ओळखलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“काकू, तुम्ही साखळीच्या बाहेरून फुलं वाहा ना. पोचेल.”

“साहेब, लांबून पूजा करायला हा काय चंद्र आहे?”

लोक हसले. मागून कुणीतरी बाई कुजबुजली, “यांनी कुंकू वाहिलेलं चालतं का पण?” गोदावरीबाईंचे डोळे गेले होते, कान शाबूत होते.

“विमानाला विचारा जाऊन, सवाष्णच लागते का म्हणून,” त्या तिथूनच कडाडल्या. मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, “तुमचा नियम मी मोडत नाही. आज पूजेला हात लावायचा नियम आहे, तुम्हीच पाळता आहात. तुमची पूजा आटपू द्या, मी थांबते. पण हात लावल्याशिवाय मी जायची नाही. उचलून काढणार असाल तर काढा, पण मी जड आहे बरं!” आणि खरंच त्यांनी हिरवळीवर बसकण मारली.

साहेबांनी स्वतः पुढे होऊन साखळीचा आकडा काढला.

संजनाने बाईंना पंखापाशी नेलं. त्यांनी चाचपत कुंकवाचं बोट टेकवलं, फूल ठेवलं, आणि मग तळहात पत्र्यावर पसरला. ऑक्टोबरच्या उन्हाने पत्रा तापला होता. त्या हात फिरवू लागल्या. जुन्या तांब्याच्या बंबाला असतात तसे टपोरे रिव्हेट हाताला लागतील, हा माझ्या माणसाचा, हाही त्याचाच, असं मोजत जाऊ, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. हात पुढे गेला, मागे आला. काही नाही. नुसता गुळगुळीत पत्रा.

“संजना, पंखच ना हा?”

“पंखच आहे, काकू.”

“मग रिव्हेट कुठेत?”

“हे काय, ओळीने आहेत की. बारीक गोल गोल. सगळीकडे आहेत.”

“मग माझ्या हाताला का लागत नाहीत?” बाईंचा आवाज फुटला. डोळे गेले, आता बोटंही मेली की काय? एवढी उरस्फोड करून इथवर यायचं आणि हाताला काही म्हणजे काही लागू नये! त्या सगळ्यांदेखत रडल्या.

निवृत्तांच्या घोळक्यातून एक म्हातारा पुढे आला. “वहिनी, मी सहादू. शाम्याच्या शेजारी होतो कामाला. अहो, हाताला लागला तर तो रिव्हेट नापास! पत्र्याच्या अंगात बसला पायजे, नायतर वारा अडतो. शाम्या डोळे मिटून बोट फिरवायचा. केसभर वर आलेला सापडला की काढून परत मारायचा. आमी लय शिव्या घालायचो त्याला, सुट्टी व्हायची वेळ आन ह्याचं आपलं चालूच.”

बाईंचं रडं थांबलं. हात पत्र्यावर तसाच होता.

“एवढं करत होता हा माणूस,” त्या म्हणाल्या, “आणि घरी येऊन म्हणे, रिव्हेट मारले!” राग होता तो, आणि असला लाडाचा राग कितीतरी दिवसांत त्यांना आला नव्हता.

मग त्यांनी पदर खोचला आणि संजनाला म्हटलं, “मला टोकाशी ने.” टोकापासून त्यांनी सुरुवात केली. आता तळहात नाही, एकच बोट. ओळ संपली की पुढची ओळ. साहेबांनी प्रसाद घ्यायला हाक मारली.

“येते. आधी एखादा तरी वर आलेला सापडू दे मला. सोडते की काय मी त्या माणसाला!”

लोक पेढे खाऊन पांगले. सहादू बाकावर बसून राहिला. पुंजाराम साखळी लावायला आला आणि तसाच उभा राहिला. बाईंचं बोट पंखाच्या बुडाशी पोचलं, विमानाच्या पोटाला टेकलं आणि थांबलं. एकही सापडला नव्हता.

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

“दुसरा पंख कुठल्या बाजूला आहे रे, पुंजाराम?”