वैराची नोंद

मोठ्या साहेबांनी तिचा अर्ज उघडायचीही तसदी घेतली नाही. एका बोटानं तो टेबलावरून तिच्याकडे परत सरकवला.

"प्रयोगशाळेचं प्रमुखपद हवंय. कशाच्या जोरावर?"

"इतकी वर्षं तिथंच काम करतेय, साहेब."

"आणि त्याआधी?"

"तुमच्याच पथकात होते."

हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच. केंद्राच्या तपास यंत्रणेत ती आली होती धाडी घालायला. एकदा कुंपणावरून उडी मारताना गुडघा गेला तो गेलाच, आणि साहेबांनी तिला 'मशिनं पुसायला' म्हणून प्रयोगशाळेत धाडलं. तिथं ती जप्त केलेल्या फोनांमधून खोडलेले निरोप, फोटो, माणसं कुठंकुठं फिरली त्याचा माग काढायला शिकली. सुरुवातीला चिडून, मग जीव लावून.

"तो खटला आठवतो?" साहेब म्हणाले. निवड समितीचे शेजारी बसलेले दोन्ही सदस्य आपापल्या कपांत बघू लागले.

"आठवतो."

"वकिलानं विचारलं, जप्तीनंतर फोन कोणी उघडला होता का. सांगता येत नाही म्हणाल्या असतात, तर जीभ झडली असती?"

"सांगता येत होतं, साहेब."

उघडला होता तो साहेबांनीच, उतावीळपणे, आपल्या खोलीत बसून. तिनं कोर्टात तसं सांगितलं, पुरावा बाद झाला, आरोपी सुटला. तेव्हापासून ते तिला 'टोचणी' म्हणू लागले, आणि बघता बघता खातंच म्हणू लागलं.

"उद्या पुन्हा विचारलं तर?"

"तेच सांगेन."

"मग या तुम्ही."

पद गेलं गोडबोल्याकडे. तिच्याच हाताखाली तयार झालेला. कामाला कच्चा नव्हता, पण साहेबांची भुवई हलली की याचं वाक्य बदलायचं. तो ओशाळा होऊन तिच्या टेबलाशी आला.

"ताई, मी मागितलं नव्हतं हो."

"मिळालंय ना? मग सांभाळ," ती म्हणाली आणि हातातल्या फोनचा बारीक स्क्रू फिरवत राहिली.

त्यानंतर जिन्यात समोर आले, तरी साहेब तिला बघून न बघितल्यासारखं करत. त्यांच्या घरात आक्रीत घडलं, सून गच्चीवरून पडून गेली, तेव्हा सगळं खातं भेटून आलं. ती गेली नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

अपघात म्हणून ते मिटलंही होतं. पण सुनेच्या आईवडिलांनी कोर्ट गाठलं, आणि साहेबांच्या मुलाचा फोन तपासायचा हुकूम निघाला. तज्ज्ञाचं नाव दोन्ही बाजूंनी सुचवायचं होतं.

एका दुपारी साहेब प्रयोगशाळेत आले. गोडबोल्या धावतच खोलीबाहेर आला. त्याला हातानंच थांबवून ते तिच्यासमोर उभे राहिले.

"तुमचं नाव दिलंय मी. मुलीकडच्यांचीही हरकत नाही."

"प्रमुख तिकडे बसतात."

"तो मला हवं तेच लिहील."

"आपल्यात वैर आहे, साहेब. कोर्टाला तसं कळवावं लागेल मला."

"कळवा. ठळक अक्षरांत कळवा. माझ्या मनातूनही काही गेलेलं नाही, गैरसमज नको."

तिनं हातमोजे उतरवले. या माणसाला दाराबाहेर काढायची संधी अशी पुन्हा येणार नव्हती. वाक्य जिभेवर तयार होतं. पण बाहेर पडला तो कामाचा प्रश्न.

"आणि नको ते निघालं तर?"

साहेबांनी टेबलाची कड धरली. मागं गोडबोल्या उभा होता. त्याला ऐकू जाऊ नये एवढ्या आवाजात ते म्हणाले,

"पोलिस आले, समन्स आलं, पोरगा शांत होता. चारीठाव जेवायचा. परवा त्याला म्हटलं, फोन टोचणी तपासणार आहे. तेव्हापासून त्यानं घास घेतलेला नाही."

पलीकडच्या यंत्राचा पंखा घरघरत होता. तिनं पायानं स्टूल पुढं ढकललं.

"बसा."

ते उभेच राहिले.