दिवा लावून किती?

"याची बॅटरी सहा महिने जाते," काउंटरमागची बाई संघमित्राला म्हणाली. "एकदा चार्ज केला की सहा महिने बघायलाच नको."

सिताराम येलवे यांनी बोटाच्या पेराने काचेवर टकटक केलं. बाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या गळ्यावर बांधलेल्या पांढऱ्या जाळीच्या कापडाकडे, आणि पुन्हा संघमित्राकडे.

"काकांना काय पायजे?"

"त्यांनाच विचारा ना," संघमित्रा म्हणाली. "कीबोर्ड बाबांसाठीच घेतोय. ऐकायला येतं त्यांना सगळं. फक्त बोलता येत नाही."

सितारामांनी खिशातली वही काढून लिहिलं, 'दिवा लावून किती?'

बाईने वाचलं आणि तिला हसू आलं. वाशीच्या त्या दुकानात सकाळपासून पाच-सहा जणांना तिने सहा महिने सांगितलं असेल, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"खरं सांगू काका? अक्षरांखालचा दिवा सतत चालू ठेवला तर दहा-बारा दिवस. ते सहा महिने लाइट बंद ठेवून. बॉक्सवर असंच लिहितात सगळे."

सितारामांनी मान हलवली. सरळ उत्तर मिळालं की ते अशीच मान हलवत.

एकोणतीस वर्षं ते बेलापूरच्या कोर्टात शिपाई होते. पुकारा करायचं काम त्यांचं. दुसऱ्या मजल्यावरून त्यांनी नाव पुकारलं की खाली टपरीवर बसलेला पक्षकार चहाचा ग्लास ठेवून उठायचा. नाव आरोपीचं असो की फिर्यादीचं, ते बापाच्या नावासकट, आडनाव न खाता घेत. एका म्हाताऱ्या बाईने त्यांना सांगितलं होतं, "इतक्या मानानं माजं नाव कुनी घेतलं नव्हतं रं बाबा." निवृत्त झाले आणि दोन वर्षांत आवाज घोगरा झाला. आधी सर्दी म्हणाले, मग तपासण्या झाल्या. चार महिन्यांपूर्वी त्यांची स्वरपेटी काढली. श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं, तेवढं राहिलं.

वही होतीच. पण त्यांच्या बायकोला, वेणूबाईंना, वाचता येत नव्हतं. मंडणगडकडच्या गावात त्या दुसरीपर्यंत शाळेत गेल्या होत्या, ती अक्षरं केव्हाच पुसली गेली होती. संघमित्रा नेरूळच्या एका लॅबमध्ये कामाला. ती सकाळी गेली की संध्याकाळपर्यंत खांदेश्वरच्या घरात हे दोघंच. चहाची खूण ठरली, औषधाची ठरली, पुढे गाडी अडायची. सितारामांनी टॉवेल मागावा तर वेणूबाई चादर आणत. गेल्या आठवड्यात त्यांनी वही भिंतीवर भिरकावली. वेणूबाईंनी ती उचलून, पुसून त्यांच्या उशाशी ठेवली आणि दिवसभर त्यांच्याकडे बघितलं नाही.

संघमित्राने जुना टॅब काढला. इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की तो मराठी करायचा आणि मोठ्याने वाचून दाखवायचा. पण सितारामांच्या जाड बोटांना पडद्यावरची अक्षरं सापडेनात. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि डॉक्टर म्हणाले की अंगात ताकद आल्याशिवाय ऑपरेशन नाही. म्हणून उजेडाची अक्षरं. आणि वायर नको, कारण खुर्चीजवळ एकच प्लग, त्यावर वाफेचं मशीन, आणि त्याच्या नळीत सगळं अडकायचं.

हे ऐकल्यावर बाई काउंटरच्या बाहेर आली. आता ती सितारामांशीच बोलत होती.

पहिल्या कीबोर्डमधून सात रंग धावत होते. सितारामांनी हात हलवून तो लांब करायला सांगितलं. दुसऱ्यावर मराठी अक्षरांचे स्टिकर लावलेले होते. संघमित्राला तोच आवडला, पण स्टिकरखाली दिवा झाकला जात होता, उजेड नुसता कडेने यायचा. तिसरा साधा काळा, पांढऱ्या उजेडाचा, अक्षरं ठसठशीत.

"थांबा काका, असं नाय कळणार." बाईने एक रिकामं खोकं आडवं ठेवून कीबोर्ड आत सरकवला. सिताराम वाकले. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. आत अंधारात एम आणि एन वेगवेगळे दिसत होते. गेल्या कित्येक दिवसांत त्यांना इतकं स्पष्ट काही दिसलं नव्हतं.

त्यांनी लिहिलं, 'चार्जिंगला लावून चालतो का?'

"चालतो."

'बिघडला तर कोणाला भेटायचं?'

"मला. उन्नती नाव माझं. वर्षभर वॉरंटी आहे, मी नसले तरी नाव सांगा."

सितारामांनी वहीत 'उन्नती' लिहून घेतलं आणि तिला हात जोडले.

घरी संघमित्राने टॅब टीव्हीशेजारी उभा केला. सितारामांनी कीबोर्ड मांडीवर घेतला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत टाइप केलं. टॅबमधून एका तरुण बाईचा आवाज आला, "चहा नको. पाणी दे."

वेणूबाई दचकल्या. "ही कोन बोल्ली?"

"बाबा बोलले, आई."

"बाबांचा आवाज असा हाय?"

"थांब, पुरुषाचा पण आहे." संघमित्राने बदलून दिला. बातम्या सांगणाऱ्या माणसासारखा भरदार आवाज म्हणाला, "चहा नको. पाणी दे."

वेणूबाई टॅबपासून मागे सरकल्या. "तो नको. बाईचाच ठेव."

"का गं?"

"बाईचा असला तर कळतंय की मशीन हाय. दुसरा कोन बाप्या ह्यांच्या जागी नको बोलायला."

दुसऱ्या दिवशी संघमित्रा कामावर गेली. दुपारची जेवणं झाल्यावर वेणूबाई माठाची भाजी घेऊन सितारामांसमोर बसल्या. बरीच भाजी निवडून झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "अवो, एक विचारू?"

सितारामांनी मान हलवली.

"त्या दिशी तुमाला आपरेशनला नेत होते ना, लिफ्टमदी. तेवा तुमी मान उचलून कायतरी बोल्लात. आनि दार लागलं. मला नाय ऐकायला आलं." त्यांनी एक देठ मोडला. "तुमच्या तोंडचं शेवटचं बोलनं ते. काय बोल्लात?"

सितारामांना ते नीट आठवत होतं. ते कीबोर्डकडे बघत राहिले. वापर नसला की त्याचा दिवा आपोआप विझायचा, तसा तो विझला. काहीतरी चांगलं लिहिता आलं असतं. तिला ते आयुष्यभर पुरलं असतं आणि खरं-खोटं कुणी तपासणार नव्हतं. त्यांनी एक बटण दाबलं. अक्षरं उजळली. मग हळूहळू त्यांनी टाइप केलं.

"माझी चप्पल पलंगाखाली राहिली, तेवढी उचल, असं म्हणालो," टॅबमधली बाई म्हणाली.

"चप्पल?"

सितारामांनी मान हलवली.

"मी कवाच पिशवीत घातलेली ती," वेणूबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं. हसल्या की काय झालं, सितारामांना त्या डोळ्यांनी नीट दिसलं नाही. ते पुन्हा टाइप करू लागले. या वेळी बराच वेळ लागला. एक अक्षर चुकलं, ते पुसून परत केलं. वेणूबाई हात थांबवून बसल्या.

"वेणू, मी तेव्हा फार घाबरलो होतो."

"ठाव हाय मला," वेणूबाई टॅबकडे न बघता, त्यांच्याकडे बघून म्हणाल्या. "म्हनून तर चप्पल सुचली तुमाला."

त्यांनी निवडलेली भाजी टोपलीत ओढली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दारापर्यंत जाऊन वळल्या.

"संध्याकाळला भाकरी करू का भात?"

इतके दिवस हे त्या विचारत नव्हत्या, काय ते ठरवून ताटात वाढत होत्या. सितारामांनी मान खाली घालून अक्षरं शोधायला सुरुवात केली. टोपली कमरेवर घेऊन वेणूबाई उत्तरासाठी दारात उभ्या राहिल्या.