छातीवरचा पत्रा

बसा जरा. उभ्याउभ्या ऐकाल तर पाय दुखतील, कारण माझं बोलणं हल्ली लवकर आटपत नाही. मी प्लास्टिकचा चुरा करणारं यंत्र आहे. कागदोपत्री माझं नाव लांबलचक आहे, पण या शेडमध्ये मला सगळे खादाड म्हणतात आणि मीही त्याच नावाला ओ देतो. म्हणजे देत होतो. गेल्या आठवड्यात माझ्या पोटातला मुख्य दांडा मोडला. तीनदा सांधून झाला होता. चौथ्या वेळी वेल्डिंगवाल्याने नुसतं बघितलं, चष्मा कपाळावर चढवला आणि हात टेकले. उद्या मला कापायला येणार आहेत, म्हणून आज काय ते बोलून घेतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही बारा जण एका रांगेत उभे होतो, सगळे हिरवेगार आणि सगळ्यांना ताज्या रंगाचा वास. मग एका माणसाने माझ्या छातीवर एक पत्रा ठोकला. त्यावर माझा नंबर होता, माझ्या मोटरचा नंबर होता, आणि खाली लिहिलं होतं की हे यंत्र पुनर्वापर उद्योगासाठीच्या शासकीय कर्जयोजनेतून घेतलेलं आहे. तसाच एक छोटा पत्रा मोटरवरही ठोकला होता. उरलेल्या अकरा जणांना असला पत्रा नव्हता, त्यामुळे मला उगाच चार बोटं उंच झाल्यासारखं वाटलं. कर्ज काढणार कोण, फेडणार कोण, याची मला काय कल्पना. मी आपला मिरवत निघालो.

या शेडमध्ये राज्य दोघी जावांचं. त्यांचे नवरे दिवसभर टेम्पो घेऊन माल गोळा करत फिरतात. मालाची निवड थोरलीकडे. तिच्यासारखी तिखट नाकाची माणसं मी फार पाहिली नाहीत. प्लास्टिकचा तुकडा काडीने जरासा पेटवायचा, विझवायचा, धूर हुंगायचा, की ती सांगणार हा कुठल्या जातीचा. शंका आली तर बादलीत टाकून बघायचं, तरंगतो की बुडतो. धाकटी चार बुकं जास्त शिकलेली, म्हणून कागदपत्रं तिच्या गळ्यात. आणि दारापाशी खुर्ची टाकून बसलेले सासरे, दोघी त्यांना मामंजी म्हणायच्या. धंदा त्यांनीच हातगाडीवर सुरू केला होता.

मामंजींना एक खोड होती. भंगारात आलेला पंखा असो, शिलाई मशीन असो की तराजू, त्यावर नावानंबराचा पत्रा असेल तर तो ते छिन्नीने अलगद काढायचे आणि शेडच्या लाकडी दारावर ठोकायचे. नाव असलेली वस्तू नावासकट भट्टीत जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला अक्षर वाचता येत नव्हतं. दारावर दोनेकशे पत्रे झाले होते. वारा आला की सगळे एकदम कुरकुरायचे.

मला आणायच्या वेळी बरंच रामायण झालं. थोरलीला तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत एक जुनं यंत्र मिळत होतं, पण योजनेला जुनं चालत नव्हतं. आख्खा जन्म जुन्यावर काढला आणि आता सरकार म्हणतंय नवं घ्या, असं ती चार दिवस बडबडत होती. धाकटीने अकरा पानांचा अर्ज भरला. तो तीनदा परत आला. एकदा फोटो फिका म्हणून, एकदा सही चौकटीबाहेर गेली म्हणून, आणि एकदा का आला ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. पण कर्ज मिळालं, सात वर्षांचं, निम्म्या व्याजाच्या सवलतीत. नवव्या पानावर अट होती की सात वर्षं यंत्राचा प्रत्येक भाग नवाच असला पाहिजे. बदललाच तर पावतीसकट नवा. अट मोडली तर सवलत जाईल, आणि वरिष्ठांच्या मनात आलं तर सगळं कर्ज एकरकमी मागतील. एकरकमी म्हणजे ही शेड विकणं, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिली दोन वर्षं मी पोटभर खाल्लं. डबे, झाकणं, बादल्या, मोडक्या खुर्च्या, कुणाकुणाची खेळणी. माणसं वस्तू कशी टाकतात ते मला चांगलं कळायला लागलं. शाम्पूच्या बाटलीत तीन बोटं शाम्पू ठेवून टाकतात, आणि मोडलेली बादली मात्र आधी तारेने दोनदा बांधून बघतात. रोज संध्याकाळी थोरली माझ्या पात्यांवरून हात फिरवायची. दिवसभरात तेवढं एक काम ती सावकाश करायची.

तिसऱ्या वर्षी माझी मोटर जळाली. धाकटी तेव्हा आठ दिवस माहेरी गेली होती. कंपनीने सांगितलं, नव्या मोटरला दोन महिने लागतील. दोन महिने मी उपाशी म्हणजे घरही उपाशी. मग थोरलीने तेच केलं जे या धंद्यातलं कुणीही केलं असतं. बंद पडलेल्या एका पिठाच्या गिरणीची मोटर कोपऱ्यात पडली होती, ती साफ केली, तेल घातलं आणि मला बसवली. खोटं कशाला बोलू, ती पहिलीपेक्षा बरी चालली. आणि जळकी मोटर? तांब्याची तार आत दिसतेय आणि थोरली गप्प बसलीय, हे होणं शक्य नव्हतं. त्याच दुपारी तिने मोटर फोडली, तार सोलली, विकली, आणि त्या पैशांत त्या महिन्याचा हप्ता भरला. कर्जाच्या मोटरनेच कर्जाचा हप्ता भरला म्हणून ती हसतही होती.

धाकटी माहेरून आली, तिने मोटर बघितली आणि डोक्याला हात लावून खालीच बसली. अट तिला पाठ होती. पण तांबं कधीच वितळून गेलं होतं.

महिन्याभराने कर्जयोजनेचे तपासनीस आले. निवृत्तीला आलेला माणूस, खांदे पडलेले, बगलेत फायलींची चळत. त्यांनी माझ्या छातीवरचा पत्रा वाचला, मग मोटरजवळ वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. मूळ मोटर कुठे आहे, म्हणून विचारलं. तेव्हा मामंजी खुर्चीतून उठले आणि दाराकडे बोट करून म्हणाले, नंबर असेल तर तो इथेच असेल. तपासनीसांनी चष्मा लावला आणि दोनशे पत्रे वाचत गेले. खालून तिसऱ्या ओळीत त्यांना तो सापडला. फोडण्याआधी मामंजींनी तो काढून ठेवला होता.

तपासनीसांनी पत्रा खिळ्यावरून उतरवला, हातात फिरवला आणि माझ्या पाठीवर ठेवला.

"हा मोटरवर असता तर माझं काम दोन ओळींत संपलं असतं," ते म्हणाले. "कोपऱ्यावर चहा घेऊन येतो. अर्धा तास लागेल मला."

ते गेले. त्यांना काय म्हणायचं होतं ते मलासुद्धा कळलं. धाकटीने झटकन चार रिवेट आणि हातोडी आणली. थोरलीने गिरणीच्या मोटरवर आपला हात ठेवला आणि तो काढेना.

"ताई, हात काढा. चार ठोके मारायचे आहेत. कुणाचं काय जातंय?"

"चांगल्या मालात एक चुकीची बाटली गेली तर काय होतं गं?"

"गोणी वाया जाते. पण ही गोणी नाहीये, ताई. आपली शेड आहे. उद्या रस्त्यावर यावं लागेल."

"माझी गोणी आजवर कुणी उघडून बघितली नाही," थोरली म्हणाली. "वर जे लिहिते तेच आत असतं, म्हणून. एकदा दुसऱ्याचं नाव चिकटवलं की मग प्रत्येक गोणी उघडतील. आणि उघडायलाच पाहिजे."

खरं सांगायचं तर मी धाकटीच्या बाजूने होतो. मला विकलं जाण्याची भीती वाटत होती, आणि चार ठोक्यांनी मी काही मरणार नव्हतो. पण यंत्राला कोण विचारतो.

तपासनीस परत आले. मोटरवर काही नव्हतं. पत्रा होता तिथेच, माझ्या पाठीवर. थोरलीने त्यांना सगळं सांगितलं, तांब्याला किती पैसे आले तेही सांगितलं, जे त्यांनी विचारलंही नव्हतं. मग फाइल उघडून त्यांनी खरं ते लिहिलं. यंत्र जागेवर आहे, चालू आहे, मोटर जुनी आहे. जाताना त्यांनी तो पत्रा स्वतः पुन्हा त्याच खिळ्यावर अडकवला.

कर्ज एकरकमी मागितलं नाही, एवढं नशीब. सवलत मात्र गेली. उरलेली चार वर्षं पुऱ्या व्याजाने. धाकटी जावेशी बोलेनाशी झाली. बोलायचं असलं की दोघी माझ्याशी बोलायच्या. "खादाडा, आज निळा माल आधी घे म्हणावं." "खादाडा, त्यांना सांग, निळा अजून धुतलेला नाही." असं सात महिने चाललं. मधे मी, दोन्हीकडून ऐकायला. मग थोरली तापाने आडवी झाली. धाकटी धूर हुंगून माल निवडायला बसली, चुकली, आणि शेवटी एक तुकडा घेऊन थोरलीच्या उशाशी गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. त्यानंतर माझी मध्यस्थी संपली.

ती चार वर्षं मी दुप्पट दळलं. पात्यांना इतक्यांदा धार लावली की ती झिजून झिजून बोटाएवढी उरली. हिरवा रंग कधी गेला ते आठवत नाही. मी थकलो, दोघी थकल्या, टेम्पोसुद्धा थकला. मामंजी गेले, खुर्ची अजून तिथेच आहे. मागच्या वर्षी शेवटचा हप्ता गेला आणि कर्ज फिटल्याचं पत्र आलं. धाकटीने ते मोठ्याने वाचलं. थोरली म्हणाली, बरं झालं, आणि गोणी शिवायला बसली. आनंद करायला अंगात त्राण पाहिजे ना.

आज सकाळी नव्या यंत्रासाठी नवा अर्ज आलाय. आता चौदा पानं आहेत. धाकटी माझ्याच पाठीवर कागद ठेवून तो भरत होती. तेराव्या पानावर ती थांबली. मग तिने थोरलीला वाचून दाखवलं, "पूर्वीच्या कर्जात कोणतीही अट मोडली आहे का?"

थोरली छिन्नी शोधत होती. ती वळलीही नाही. काय लिहायचं ते तिने सांगितलं नाही, आणि धाकटीनेही विचारलं नाही. तिने पेन टेकवलं आणि लिहिलं, होय. अक्षर मोठं होतं, माझ्या पाठीला दाब जाणवला. या एका शब्दापायी अर्ज परत येऊ शकतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. खाली तिने मोटरची सगळी हकीकत लिहिली, तांब्याच्या पैशांसकट.

"कर्जवाले नाही म्हणाले तर?" थोरलीने विचारलं.

"तर नाही म्हणतील," धाकटी म्हणाली. "गोणी उघडून बघू देत."

थोरलीने माझ्या छातीच्या पत्र्याखाली छिन्नी सरकवली, जुन्या रिवेटांवर बेताने चार ठोके मारले आणि पत्रा काढला. दुखलं नाही. जिथे तो होता तिथे अजून हिरवा रंग शिल्लक आहे, अख्ख्या अंगावर तेवढाच.

दारावर खालून तिसऱ्या ओळीत, माझ्या मोटरच्या पत्र्याशेजारी, धाकटीने जागा धरून ठेवली आहे. तुम्ही या शेडवरून कधी गेलात आणि वारा असला तर जरा थांबा. सगळे वाचू नका, वेळ जाईल. माझा तेवढा वाचा. त्यावर जे लिहिलंय तेच मी होतो.