चूळ भरायची नाही

खाटकाने दवाखान्याचं दार उघडलं नाही, लाथेने आत पाडलं. सुजलेला गाल तळहातावर तोलत तो गरजला, "कुठंय तो पालेवाला?"

पालेवाला म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंचा धाकटा भाऊ. झेंडू आणि कोरफडीचा अर्क काढायचा, आणि त्याची बाटली ताईच्या औषधांच्या फळीवर लागावी म्हणून तिचं डोकं खायचा. शेवटी ताई म्हणाली होती, "एक पेशंट. जखम नीट भरली तर बाटली फळीवर. नाहीतर बाटली बाहेर, मागोमाग तू." पेशंट तिनेच निवडला, गावात सगळ्यात जाड मानेचा. परीक्षा घ्यायची तर कडक घ्यावी, असा तिचा हिशेब.

खाटकाची दाढ निघाली. ताईने खड्ड्यावर अर्काचा बोळा ठेवला आणि चूळ भरू नका म्हणून बजावलं. भावाला एवढंसं औषध म्हणजे कंजुषी वाटली. त्याने पायरीवर खाटकाच्या हातात अख्खी बाटली कोंबली. "तासातासाला खळखळून चूळ भरा. ताईचा हात जरा आखडता आहे."

खाटीक पडला आज्ञाधारक. इतका खळखळला, की खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठच धुऊन गेली आणि खालचं हाड उघडं पडलं.

आता त्याने भावाला गळा धरून भिंतीवर आपटलं. "खळखळून काय रे?" एक ठोसा. "तासातासाला काय?" दुसरा. भावाने अवजारांचा ट्रे त्याच्या कानफटात हाणला, चिमटे चौफेर उडाले. तिसऱ्या ठोशाला भावाच्या तोंडात काहीतरी कडकन मोडलं आणि पांढरी भिंत लाल झाली.

ताई पुढे झाली आणि तिने खाटकाच्या सुजल्या गालावर अंगठा दाबला, बस्स. तो धिप्पाड माणूस गुडघ्यांवर आला.

"बसा. आधी तुमचा खड्डा, मग याचा. दार तुम्हीच बसवायचं."

भावाची मोडकी दाढ तिने मुळासकट उपटली. त्याचा हात सवयीने बाटलीकडे गेला, तिने फाडकन मुस्काटात दिली. चांगल्या बाजूला.

"गाठ धरू दे. वर फक्त बोळा."

"म्हणजे अर्क चांगलाय ना, ताई?"

"ते तुझ्या तोंडावर ठरेल. खाटकाचं तोंड तू वाया घालवलंस."

भावाची जखम सुरेख भरली. बाटली फळीवर चढली, पण सगळ्यात वरच्या. भावाने स्टूल ओढलं, तेवढ्यात दाराची पुन्हा निखळलेली बिजागरी ठोकणारा खाटीक थांबला. हातोडा वर.

"घे की," तो म्हणाला, "तुझी दुसरी बाजू अजून शाबूत आहे."

स्टूल परत जागेवर गेलं.