चंद्रावरच्या शिट्ट्या

सावळाराम जॉबरला सिनेमाचं भयंकर वेड, पण आवड अशी की पोस्टर बघूनच लोक हसत. नावाजलेल्या नटांचे, मारामारीचे, रडारडीचे सिनेमे त्याला वर्ज्य. पाताळातले राक्षस, अदृश्य होणारे वैद्य, मंगळावरून लग्न लावायला आलेले राजपुत्र असलं काही लागलं, की हा गडी शुक्रवारी कशेळीहून सायकल हाणत भिवंडी गाठणारच. शुक्रवारी सगळ्या शहरातले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असत. असले सिनेमे थेटरात जेमतेम आठवडाभर टिकायचे, आणि आलेल्यांपैकी निम्मे पंख्याखाली झोपायला आलेले असायचे. सावळाराम मात्र परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसून बघायचा.

सिनेमाबद्दल त्याचं एक ठाम मत होतं, आणि ते तो कुणालाही ऐकवायचा. "खोटं दाखवा, खुशाल दाखवा. पण एकदा आपल्या खोट्याचा कायदा ठरवला ना, की तो शेवटपर्यंत पाळा." अदृश्य झालेल्या वैद्याची सावली भिंतीवर पडली, तेव्हा तो मध्यंतरालाच उठून बाहेर आला होता. पाताळाच्या राजाच्या मनगटावर घड्याळ काढल्याचा पांढरा पट्टा दिसला, त्याची चीड त्याला चार महिने पुरली. उलट एका परदेशी सिनेमात साध्या पालीला पंख चिकटवून राक्षस केला होता, त्यावर सगळं थेटर खदखदत होतं, तेव्हा हा एकटा तिच्या बाजूने भांडला. पाल खरी आहे, तिची जीभ खरी आहे, मग भीती खोटी कशी, असं त्याचं म्हणणं.

भांडायला त्याला हक्काचा माणूस होता, फखरुद्दीन ऊर्फ फकरू. निजामपुऱ्यात नूर मोहम्मद शेठच्या कारखान्यात बावीस लूम होते. फखरुद्दीन तिथे कारागीर, चार लूम चालवणारा, आणि सावळाराम तिथलाच जॉबर, म्हणजे सगळे लूम ठाकठीक ठेवणारा. सिनेमा दोघे एकच बघत, पण शेजारी बसून कधीच नाही, कारण फकरूला मध्ये मध्ये बोलायची खोड. सावळाराम बाराचा शो बघायचा, फकरू जुम्म्याची नमाज उरकून तीनचा, आणि सहा वाजता थेटरासमोरच्या हॉटेलात दोघांची जुंपायची. अकरा वर्षांत दोघांचं एका सिनेमावरही एकमत झालं नव्हतं. एका सिनेमाबद्दल सावळाराम म्हणाला होता, त्यातला लोखंडी माणूस म्हणजे वनस्पती तुपाचे डबे जोडलेले, छाप दिसत होती. फकरू म्हणाला, "अरे, डब्याच्या आतला माणूस रोता था, ते नाही दिसलं तुला? तू सिनेमा बघतो का पंचनामा करतो?"

कारखान्यात मात्र सावळारामचा शब्द शेवटचा. लूम सुरू असताना तिथे माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही, सगळे ओठ बघून आणि हातवारे करूनच बोलतात. त्या गदारोळात कोणता लूम आजारी आहे, हे सावळाराम दारात उभा राहून सांगायचा. नूर मोहम्मद शेठ आल्यागेल्याला अभिमानाने सांगत, "आमच्याकडे सावळारामचा कान आहे." तो कान हीच त्याची इज्जत होती, आणि ते त्याला चांगलंच ठाऊक होतं.

त्या आठवड्यात बुधवारी फकरूने त्याला हाताने खुणावलं. नऊ नंबर बारीक चिरकतोय, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला फटका मारणाऱ्या दांड्याच्या बाजूने. सावळाराम जवळ गेला, कान लावला, मग लूमच्या लोखंडावर तळहात ठेवून डोळे मिटले. हल्ली तो असा हात ठेवायचा, आणि हे आपलं अनुभवाचं शहाणपण आहे असं त्याला वाटायचं. "काही नाही," त्याने मान हलवली. फकरूने पुन्हा कानाकडे बोट केलं. सावळाराम हसला आणि म्हणाला, "तुझे कान सिनेमाचे, माझे लूमचे." फकरूने खांदे उडवले आणि तो धाग्याकडे वळला.

शुक्रवारी चंद्राचा सिनेमा लागला. माणूस खरोखर चंद्रावर जाऊन पाच वर्षं झाली होती, त्यामुळे आता काय दिवे लावणार, अशा तयारीनेच सावळाराम बसला. पहिला अर्धा भाग पृथ्वीवरचा, नेहमीचाच, गडगडाटी संगीत आणि जाड आवाजाचा शास्त्रज्ञ. पण यान चंद्रावर उतरलं आणि सावळाराम खुर्चीच्या कडेवर आला. आवाज नाही! चंद्रावरचे लोक पांढऱ्या कपड्यात लपेटलेले, ओठांचा चंबू करून एकमेकांकडे बघत राहायचे, बास. त्यांची राणी मरते, तेव्हाही ती तोंडासमोर हात धरून नुसता चंबू करते आणि सगळे माना खाली घालतात. सावळारामच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

सहा वाजता हॉटेलात फकरू येताच त्याने सुरुवात केली. हॉटेल भरलेलं होतं, तीनचा शो सुटून आलेले आठ-दहा जण चहा पीत होते.

"फकरू, आज मी हात जोडले. एवढ्या वर्षांत पहिला दिग्दर्शक भेटला ज्याला कायदा कळतो. चंद्रावर हवा नाही, हवा नाही तर आवाज नाही! अर्धा सिनेमा मुका ठेवला बेट्याने. केवढी छाती लागते याला! राणी मेली तरी टाचणी पडल्याचासुद्धा आवाज नाही."

मागच्या टेबलावरचा कुणीतरी हसला. फकरूने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याचं हसणं अर्ध्यावर राहिलं. मग फकरूने चहा बशीत ओतला.

"बरोबर बोलला तू, सावळ्या," तो म्हणाला.

सावळाराम खूश झाला, पण क्षणभरच. बरोबर? फकरूने अकरा वर्षांत हा शब्द त्याच्यासाठी वापरला नव्हता. तो म्हणाला, "अरे, भांड ना." फकरू म्हणाला, "नाही, खरंच. मस्त मुका ठेवला." आणि त्याने चहाचा पेला उगाच फिरवला.

तेवढ्यात सावळारामला दिसलं. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या तरण्याने ओठांचा चंबू केला होता. गल्ल्यावरचा हॉटेलवाला दचकून तिकडे वळला. दोघे-तिघे हसत कानात बोटं घालत होते. फकरू उठून उभा राहिला होता आणि त्या पोराला हाताने गप्प करत होता. म्हणजे सिनेमात चंद्रावरचे लोक शिट्ट्यांनी बोलत होते आणि आख्खं हॉटेल तीच शिट्टी ऐकत होतं. सावळारामच्या कानात जाडेभरडे आवाज येत होते, बारीक शिट्टी मात्र नव्हती. त्याने चप्पल घातली आणि सायकल काढली.

घरी गुणाबाई दारात तांदूळ निवडत होती. आपली बायको हल्ली शांत झाली, पूर्वीसारखी ओरडत नाही, असं त्याने हॉटेलात कौतुकाने सांगितलं होतं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मना आयकू येत न्हाय का गं?"

तिने सूप खाली ठेवलं. त्याला दिसावं म्हणून तोंड वर केलं. "दोन वर्सा झाली. हाका मारून मारून थकले मी. पाठीमागून बोलले तं तू बगतच न्हाय. मना वाटला, तुजा मन उरला न्हाय माज्यावर."

सावळारामला तेव्हा रडू आलं. कामाचं तर वाईट वाटलंच, पण दोन वर्षं ही बाई हाका मारते आहे आणि आपण तिला शांत म्हणतोय, याची त्याला लाज वाटली. मग नऊ नंबर आठवला आणि ती लाजही मागे पडली. दांडा तुटला तर धोटा गोळीसारखा बाहेर सुटतो. धोट्याच्या टोकाने डोळा गेलेली माणसं निजामपुऱ्यात सगळ्यांच्या ओळखीची होती. नऊ नंबरच्या धोट्याच्या रेषेत, भिंतीला टेकून, कांड्या भरणारी मेहरुन्निसा बसायची.

शनिवारी सकाळी तो पोचला तेव्हा लूम सुरू झाले होते. नऊ नंबरच्या कडेला फकरूने गोणपाट बांधलं होतं. मेहरुन्निसाचा पाट भिंतीपासून उचलून पलीकडे दारापाशी नेला होता, आणि फकरू स्वतः मान तिरकी करून लूमसमोर उभा होता. म्हणजे याला लूम अजून चिरकताना ऐकू येत होता, आणि तक्रार करायची नाही असं याने ठरवलं होतं. सावळाराम धावत गेला आणि त्याने लूम बंद केला.

पाना लावून त्याने दांडा उघडला. बोल्टचं भोक झिजून लांबट झालं होतं आणि दांड्याला केसाएवढी चीर गेली होती. फारतर आणखी एक दिवस निघाला असता. फकरूने ते बघितलं, मग त्याचे खांदे धरून त्याला आपल्याकडे वळवलं.

"ऐक," ओठ सावकाश हलवत तो म्हणाला, "आवाज मी ऐकतो. मी बोट दाखवीन, तू दुरुस्त कर. किसी को पता नहीं चलेगा."

सावळारामला हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. छत्तीस वर्षांच्या वयात दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि जॉबर नसलेला सावळाराम कसा असतो हे त्याला बघायचंच नव्हतं. पण लूम बावीस होते, आणि फकरू चार लूमांचा. बाकीच्या अठरांसमोर उभ्या असलेल्या माणसांकडे त्याने एकदा बघून घेतलं.

"गोणपाट सोड," तो म्हणाला, आणि शेठच्या खोलीकडे गेला.

आपला कान गेला, हे त्याने सांगितलं तेव्हा नूर मोहम्मद शेठना पहिल्यांदा ती थट्टाच वाटली. मग खरं कळलं. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि दुपारी त्याचे पाने दुसऱ्या पाळीच्या महादू जॉबरकडे गेले. सावळारामला कापडाच्या घड्या घालायच्या टेबलावर उभं केलं. त्या आठवड्यात शेठ दोनदा तिथून गेले आणि दोन्ही वेळा दुसरीकडे बघत गेले. सावळारामही घडीकडेच बघत राहिला.

पुढच्या शुक्रवारी तो सिनेमाला गेला नाही, पण सहा वाजता हॉटेलात आला. लोकांनी सरकून जागा दिली, आणि त्याला तेच सहन होईना. फकरू पावसापाण्याचं बोलायला लागला.

"फकरू, माझ्याकडे तोंड कर," सावळाराम म्हणाला. "खरं सांग. चंद्रावर पूर्ण वेळ शिट्ट्या होत्या?"

फकरू त्याच्याकडे वळला. "पूर्ण वेळ. राणी मरताना सगळ्यात लांब शिट्टी मारते. पब्लिक रडलं."

"मग भिकार सिनेमा," सावळाराम म्हणाला. "हवा नाही तिथे शिट्टी कशी वाजेल? तुम्ही बघितलात तो भिकार. मी बघितला तो चांगला होता."

फकरूने खुर्ची पुढे ओढली. मग त्याने टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला. "गलत! एकदम गलत, सावळ्या! तू काय बघितलंस? राणीची शिट्टी नाही तर त्या सिनेमात आहे काय? ती शिट्टी म्हणजे..." तो तावातावाने बोलत सुटला. अर्धं सावळारामला कळत होतं, अर्धं सुटत होतं, पण त्याने फकरूला थांबवलं नाही.

शेवटी शब्द पुरेनात, म्हणून फकरूने तोंडासमोर हात धरला, ओठांचा चंबू केला आणि राणीची शिट्टी वाजवली. सगळं हॉटेल वळलं. गल्ल्यावरचा माणूस हातातला पेला तसाच धरून उभा राहिला. सावळाराम फकरूच्या ओठांकडे बघत होता, ते मिटेपर्यंत.

"संपली?" त्याने विचारलं.

फकरूने मान डोलावली.